मोठा फोन कसा घ्यावा आणि घरी काय सांगावं

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी मोठा फोन आधीच घेतला आहे त्यांनी ते वाचू नये. त्यांचं मत ठरलेलं असतं आणि ते मधे बोलतात. नवशिका म्हणजे असा माणूस, ज्याच्या मनगटावर अजून घड्याळ आहे, कपाटात चालू स्थितीतला कॅमेरा आहे, उशाशी गजर आहे आणि खिशात असा फोन आहे की जो खिशात मावतो. अशा माणसाला दर दसरा-दिवाळीला कोणी ना कोणी विचारतंच, "एवढं सगळं कशाला बाळगता? एकच मोठा घ्या की." भाचा विचारतो, शेजारी विचारतात, आणि जागा संपल्याची सूचना देऊन देऊन जुना फोनही तेच सुचवत असतो.

पूर्वतयारी

एक कागद, एक पेन, शिवणाच्या डब्यातली टेप आणि रोजच्या वापरातला शर्ट एवढं जवळ घेऊन बसा. हिशेब फोनवर करू नका. तो या प्रकरणात पक्षकार आहे.

पायरी पहिली : गरज ठरवणे

ही पायरी सगळेच गाळतात. तुम्हीही गाळलीत तरी चालेल.

पायरी दुसरी : इंच मोजणे

फोनचे इंच कर्णावर मोजतात, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी टेप लावून. पायथागोरस शाळेत कशाला शिकवला, या प्रश्नाचं हे उशिरा मिळालेलं उत्तर. मोठ्या फोनचं युग खऱ्या अर्थानं सुरू झालं २०११ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात सॅमसंगनं गॅलेक्सी नोट मांडला तेव्हा. ५.३ इंचांचा पडदा आणि सोबत लेखणी. आदल्याच वर्षी डेलनं पाच इंचांचा स्ट्रीक आणून पाहिला होता आणि तो चालला नव्हता, त्यामुळे नोटचीही भरपूर थट्टा झाली. पण तो खपला. मग सगळ्यांनीच मोठे फोन काढले. मोठ्या फोनांना नाक मुरडणाऱ्या ॲपलनंही २०१४ साली साडेपाच इंचांचा आयफोन ६ प्लस आणला.

आता टेप घ्या. तो पहिला नोट ८३ मिलिमीटर रुंद होता. २०२४ चा गॅलेक्सी एस २४ अल्ट्रा ६.८ इंचांचा आहे आणि त्याची रुंदी ७९ मिलिमीटर. इंच दीडनं वाढले आणि फोन चार मिलिमीटर अरुंद झाला. यात जादू काही नाही. नोटचा पडदा १६:१० प्रमाणाचा होता, नंतर १६:९ आले, आता २०:९ च्या आसपासचे असतात. कडेच्या काळ्या पट्ट्या गेल्या आणि वाढ झाली ती सगळी उंचीत. जुना साडेपाच इंची पडदा सुमारे २.७ इंच रुंद होता, आजचा ६.७ इंची पडदा २.७५ इंच. नव्या फोनसाठी तुम्ही जे पैसे मोजता, त्यातून रुंदीत पदरात पडतो तो मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर.

म्हणून नवशिक्यानं दुकानात पाऊल टाकण्याआधी स्वतःला विचारावं, मला रुंद फोन हवा आहे की उंच? सातबारा, वर्तमानपत्राचं ई-पान, ऑफिसातली एक्सेलची शीट, लग्नपत्रिकेची पीडीएफ ही सगळी मंडळी रुंदी मागतात. उंचीला वाढत जातात ती फक्त रीलं आणि सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं. अकरा इंचांचा टॅब कर्णावर मोठ्या फोनच्या दीडपटीहून थोडासाच जास्त भरतो, पण क्षेत्रफळ काढलंत तर टॅबचं सुमारे ५४ चौरस इंच आणि फोनचं १७ च्या आत. तिपटीहून जास्त. "मोठा फोन घेतला की टॅब लागत नाही" हे वाक्य कर्णावर खरं आहे, क्षेत्रफळावर नाही.

पायरी तिसरी : खिसा

शर्ट घाला. सहा-सात इंच लांबीचं काहीतरी, जुन्या फोनचं खोकं म्हणा, वरच्या खिशात ठेवा आणि बुटाची नाडी बांधायला वाका. खोकं पडलं का? आता हीच कृती विहिरीच्या काठावर किंवा संडासात होईल असं समजा. पँटच्या पुढच्या खिशात ठेवून रिक्षात बसून पाहा. मागच्या खिशात ठेवून मात्र बसून पाहू नका.

बायकांसाठी ही पायरी जास्त सोपी आहे, कारण खिसाच नसतो. ड्रेस शिवायला टाकताना "कडेला खिसा ठेवा" म्हटलं की टेलर म्हणतो, फिटिंग बिघडेल. मग पर्स येते, आणि फोन पर्समध्ये एकदा गेला की त्याचा आकार हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो वाजत असताना सापडण्याचा.

यानंतर अंगठ्याची चाचणी. फोन उजव्या हातात धरा, डावा हात लोकलच्या वरच्या कडीला अडकवल्यासारखा उंच करा आणि उजव्या अंगठ्यानं पडद्याचा डावीकडचा वरचा कोपरा गाठा. मागे जाण्याचा बाण बहुतेक ॲपमध्ये तिथंच असतो. तो तिथं ठेवणारा माणूस विरार फास्टनं कधी गेला नसावा. अंगठा पोहोचत नसेल तर तुमच्या हातात दोष नाही. पोहोचत असेल तर फोन हातातून सुटण्याच्या बेतात आहे.

वजनही बघून ठेवा. तो पहिला नोट १७८ ग्रॅमचा होता, एस २४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा आहे. त्यावर मागचं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास. उताणं झोपून वाचायची सवय असणाऱ्यांनी एवढं वजन एकदा वीतभर उंचीवरून नाकावर सोडून पाहावं. अनुभव चांगला नसतो, पण फुकट असतो.

हे सगळं करून "मला लहानच फोन पाहिजे" असं ठरलं तर दुकानात जाऊन तसं म्हणून पाहा. दुकानातला मुलगा दयाळूपणे बटणांचा फोन काढून दाखवेल. ॲपलनं २०२० आणि २०२१ साली ५.४ इंचांचे मिनी काढले आणि मग तो नाद सोडला. दहा-बारा हजारांचा फोन मागितलात तरी आज साडेसहा इंचांच्या पुढचाच हातात पडतो. तेव्हा मोठा घ्यावा की लहान, हा प्रश्न बाजारानं तुमच्या वतीनं सोडवून ठेवलाय. तुम्ही ठरवायचं ते इतकंच की मोठा फोन महाग घ्यायचा की स्वस्त.

पायरी चौथी : वस्तूंची यादी

इथं दुकानदार बोटांवर मोजायला लागतो. कॅमेरा गेला, व्हिडिओ कॅमेरा गेला, रेडिओ, टॉर्च, घड्याळ, गजर, कॅल्क्युलेटर, नकाशा, पुस्तकं, गाणी, गेम. "सर, या सगळ्याचे वेगळे पैसे लावून बघा ना!" नवशिक्यानं लावून बघावेत. पण नीट.

रेडिओपासून सुरुवात करू. फोनमधला एफएम इयरफोनच्या वायरीचाच अँटेना करत असे. फोनचं इयरफोनचं भोक बुजलं तसा अनेक मोठ्या, महागड्या फोनांतून एफएमही गेला. २०२३ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला फोन कंपन्यांना सांगावं लागलं की एफएम बंद करून ठेवू नका, आपत्तीच्या वेळी लोकांना तोच कामाला येतो. इंटरनेटवरून आकाशवाणी लागते हे खरं, पण पुरात जे आधी जातं त्यात इंटरनेट असतंच. तेव्हा यादीतून रेडिओ खोडा. टॉर्च राहू द्या. घरात दिवे गेले की फोनचा उजेड पुरतो. शेतावर रात्रीची मोटार चालू करायला जाणाऱ्यानं मात्र तीन सेलची बॅटरीच न्यावी, कारण पायवाटेवर काय आहे ते दहा पावलं आधी दिसलेलं बरं. कॅल्क्युलेटर खोडा, जर घरात कोणी इंजिनिअरिंगला असेल तर. परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही, म्हणून तर कॅसिओची विक्री अजून चालू आहे.

कॅमेऱ्यापाशी जरा बसावं लागेल, कारण सगळा खर्च तिथं असतो. फोनच्या खोक्यावर २०० मेगापिक्सेल लिहिलेलं वाचून नवशिका भारावतो. फोन बहुतेक वेळा यातले सोळा-सोळा बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ते योग्यच करतो. बघायचं असतं ते प्रकाश गोळा करणाऱ्या सेन्सरचं क्षेत्रफळ. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ते ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतं, जुन्या रोलच्या एका चौकटीएवढं. (त्या छत्तीस फोटोंच्या रोलमधून काटकसरी माणसं सदतीस-अडतीस काढत. हे कौशल्य आता वाया गेलं.) चांगल्या महागड्या फोनमधला मुख्य सेन्सर सत्तरेक चौरस मिलिमीटरचा असतो. बाराव्या हिश्शाचा प्रकाश गोळा करून फोन उरलेलं गणितानं भरून काढतो. तुम्ही बटण एकदा दाबता, तो भराभर अनेक फोटो घेतो, एकावर एक रचतो, दाणे गाळतो, सावल्या उजळतो. दिवसाउजेडी याचा परिणाम इतका छान येतो की कॅमेरावाल्यांनी उगीच वाद घालू नये.

कसोटी लागते ती संध्याकाळनंतर. विसर्जन मिरवणुकीत ढोल-पथकातल्या मुलीचा फोटो घ्या. चेहरा स्वच्छ येतो, फेट्याची घडीन् घडी दिसते, पण हातातलं टिपरू एकतर गायब असतं किंवा दोन असतात. ती टोला मारत होती आणि फोन बेरीज करत होता. दुसरी कसोटी शाळेच्या स्नेहसंमेलनाची. तुम्ही शेवटून तिसऱ्या रांगेत, मुलगा स्टेजवर झाडाच्या भूमिकेत. फोनमध्ये टेलिफोटोचं वेगळं भिंग असेल तर पाचपटीपर्यंत निभावतं. त्यापुढे फोन चित्र मोठं करत नाही, काढतो. पानं किती छान आली म्हणून कौतुक करण्याआधी झाड आपलंच आहे ना, याची खात्री करून घ्या.

आणि तरीही, कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर शून्य चौरस मिलिमीटरचा असतो. वर्षातून दोनदा बाहेर येणाऱ्या, ऐन वेळी बॅटरी उतरलेली निघणाऱ्या कॅमेऱ्यासाठी चाळीस हजार घालायचे असतील तर ते घालू नका. मिरवणुका, पक्षी, गॅदरिंग यांत खरोखर रस असेल तरच घाला.

पायरी पाचवी : फोनची बाजू ऐकून घेणे

पक्षकार असला तरी त्याला बोलू द्यावं. फोनची खरी ताकद दहा वस्तू एका डब्यात कोंबण्यात नाही. त्या वस्तू एकमेकींशी बोलतात, यात आहे. ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. राज्यभर २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद आपणच करतो. बांधावर उभं राहून ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. वेगळा कॅमेरा, वेगळं जीपीएस यंत्र आणि वेगळा लॅपटॉप घेऊन शेतात गेलात तर तिन्हींची ओळख करून देण्यातच सोयाबीन निघून जाईल. हे काम फोनच करू जाणे. फक्त लक्षात ठेवा की त्याला इंच लागत नाहीत. दुपारी बाराच्या उन्हात पडदा दिसतो की नाही हे त्याच्या उजळपणावर ठरतं, आकारावर नाही. काही मोठे पण स्वस्त फोन बांधावर नुसता आरसा होतात आणि शेतकऱ्याला स्वतःचा घामेजलेला चेहरा दाखवतात.

मोठ्या पडद्याचं एक कारण मात्र बिनतोड आहे, आणि नेमकं तेच कोणी दुकानात सांगत नाही: चाळिशी. अक्षरं दुप्पट करून ठेवली की लहान फोनवर एका वेळी अडीच वाक्यं दिसतात. चष्मा शोधायला उठण्याऐवजी ओटीपी वाचता यावा म्हणून कोणी मोठा फोन घेत असेल तर त्याला पुढच्या पायऱ्या माफ.

पायरी सहावी : दुरुस्तीची रंगीत तालीम

ही तालीम फोन घेण्याआधी करायची. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा तुमच्या गावच्या स्टँडसमोरचा गाळा. काउंटरवर उभे राहून विचारा, "अमुक मॉडेलचं फोल्डर केवढ्याला?" फोल्डर म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र, आता ते असं जोडूनच येतं, त्यामुळे काचेला चरा गेला तरी बदलायचं ते अख्खं. मोठ्या फोनच्या कडा वाकवलेल्या असतील तर किंमत ऐकून तुम्हीही थोडे वाकता.

दुरुस्ती करणारा मुलगा काय करतो ते पाहून घ्या. कडा गरम करतो, गिटार वाजवायची असते तसली प्लॅस्टिकची पातळ चकती फटीत सारतो, हळूहळू चारी बाजूंनी फिरवतो आणि फोल्डर पुस्तकासारखं उघडतो. मग जुना डिंक खरवडणं, नवं फोल्डर लावून पाहणं, कडेनं बी-७००० डिंकाची बारीक रेघ, आणि शेवटी फोनला आडवेउभे रबरबँड. रबरबँड लावलेले चार-पाच फोन काउंटरवर ओळीनं पडलेले असतात. "दोन तासांनी या," तो म्हणतो.

आता ते दोन तास मनातल्या मनात जगा. किती वाजले ते कळत नाही, कारण घड्याळ फोनमध्ये आहे. घरी कळवावं तर शेजारच्या दुकानदाराचा फोन मागता येतो, पण घरच्यांचा नंबर फोनलाच पाठ होता. चहा घ्यावा तर यूपीआय त्याच सिमकार्डाला बांधलेलं. पाकिटात एक जुनी पन्नासची नोट सापडते, ती चहावाला उजेडात धरून बघतो. लोकलचं परतीचं कागदविरहित तिकीट सकाळीच काढलेलं आहे, पण ते रबरबँडच्या आत आहे, आणि टीसीला दाखवता न आलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसणं. शेवटी दोन तास झाले असतील असं उन्हावरून ठरवून तुम्ही परत जाता आणि मुलगा विचारतो, "पैसे स्कॅन करताय ना?"

रेडिओ बिघडला तर फक्त रेडिओ बिघडतो. वेगळ्या वस्तूंच्या बाजूनं एवढा एकच मुद्दा मांडला तरी पुरे होता.

पायरी सातवी : हिशेब

दुकानदाराचा हिशेब असा असतो: एक फोन विरुद्ध दहा वस्तू. त्यात बेरीज बरोबर असते, माणसं चुकीची असतात. दहा वस्तू माणशी कधी घेतल्या गेल्या? घरात रेडिओ एक होता. कॅमेरा एक होता, तोही बऱ्याचदा मामांचा. गजराचं घड्याळ एक, आणि ते वाजल्यावर सगळंच घर उठत असे. बॅटरी एक, कॅल्क्युलेटर एक, कालनिर्णय तर भिंतीवर एकच. या वस्तू घरटी होत्या. फोन माणशी असतो. बाबांचा फोन आईला दिला तर बाबा दोन मिनिटांत परत मागतात, आणि मुलीचा फोन तर कोणी हातात घेऊच शकत नाही.

म्हणून कागदावर चार माणसांचं घर मांडा. समजा, तीस-तीस हजारांचे चार मोठे फोन: एक लाख वीस हजार. दुसऱ्या बाजूला बारा-बारा हजारांचे चार फोन, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. घरात एक टॅब अठरा हजारांचा. एक बरा कॅमेरा चाळीस हजारांचा. रेडिओ, बॅटरी, गजर, कॅल्क्युलेटर मिळून अडीच हजार. बेरीज एक लाख साडेआठ हजार. पहिल्या फेरीत फार काही वाचत नाही, हे मान्य. पण तीन-चार वर्षांनी बॅटऱ्या दमल्या, अपडेट बंद झाले की एका घराला पुन्हा एक लाख वीस हजार लागतात आणि दुसऱ्याला अठ्ठेचाळीस. कॅमेरा, रेडिओ, कॅल्क्युलेटर जागच्या जागी असतात. शिवाय टॅब चौघांचा म्हणून त्यावरून भांडणं होतात, म्हणजे चौघं एका खोलीत येतात. याची किंमत मी कुठल्या बाजूला धरावी हे ठरवू शकलेलो नाही.

एकट्या राहणाऱ्या माणसासाठी मात्र दुकानदाराचाच हिशेब खरा. भाड्याच्या खोलीत, कॉटखाली एक बॅग, अशी ज्याची राहणी आहे त्यानं सरळ मोठा फोन घ्यावा आणि हप्ते फेडावेत.

पायरी आठवी : घरी काय सांगावं

"एक्स्चेंजमध्ये जवळजवळ फुकटच पडला."

पायरी नववी : जुन्या फोनची सोय

वरचं वाक्य बोलण्याआधी एक्स्चेंजचा आकडा बघा. जुन्या फोनचे दुकानदार बाराशे देऊ करतो. देऊ नका. घरोघरी काय होतं ते पाहा. नवा मोठा फोन येतो आणि जुना मोठा फोन सिम काढून स्वयंपाकघरात जातो; तिथं तो सकाळी अभंग आणि दुपारी मालिका लावतो, म्हणजे रेडिओ झाला. त्याच्या आधीचा आजोबांच्या उशाशी, औषधांच्या वेळांसाठी: गजर. त्याच्याही आधीचा, ज्याची काच तडकली आहे, धाकट्याच्या गेमसाठी. एखादा खिडकीत उभा राहून खाली लावलेल्या स्कूटरवर नजर ठेवतो. सगळ्या वस्तूंना गिळणारं एकच यंत्र म्हणून जो घेतला होता, त्याची दहा वर्षांत घरभर पुन्हा वेगवेगळी यंत्रं झालेली असतात, प्रत्येकाला एकेक काम, आणि गंमत म्हणजे ती सगळ्या घराची असतात. स्वयंपाकघरातला फोन कोणीही हातात घेतो.

या जुन्या फोनांबद्दल तीन सूचना. अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका. कायम चार्जिंगला लावून ठेवलेल्या फोनचं मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. तो त्या क्षणी काढा आणि गाळ्यावर द्या. आणि सगळ्यात जुन्या फोनच्या चार्जरची पिन वेगळी असते. ती वायर घरात एकच उरलेली असणार. ती कोणाच्या ताब्यात राहील हे नवा फोन घ्यायच्या आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.